यांचा रणगाडा

नीलिमा, आधी भांडण. रडायचं नंतर बघू. रडू काय, कधीही येतं. गॅसवाल्याने दारात "बौदी नेई?", वहिनी नाहीत का, असं विचारलं तरी येतं. पण रविवारी जे झालं त्याचा जाब मला तुझ्याकडून हवाय, आणि तो द्यायला तू जागेवर नाहीस. ही तुझी जुनीच खोड. वाद ऐन रंगात आला की तुला कुकरची शिट्टी ऐकू यायची.

तुला जाऊन चोवीस दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं परत गेली, सतरंज्या उचलल्या गेल्या, आणि कलकत्त्याजवळ बराकपूरच्या या घरात मी तुझ्या कामाच्या टेबलासमोर नुसता बसून होतो. अशात शोमेनबाबूंचा फोन आला. तुला माहीत आहेत, मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी, बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवणारे. रविवारी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आहे म्हणाले. "दादा, आपका टँक तो आना ही चाहिए. बौदी की आत्मा को शांति मिलेगी." केतकी न्यू टाउनहून मुद्दाम सुट्टी काढून आली. "चला ना बाबा, तुम्हाला पण बरा वाटेल," म्हणाली. आपल्या लेकीचं मराठी सगळ्या बदल्यांमधून कसंबसं तगून राहिलंय, मी काही दुरुस्त केलं नाही. तू गुंडाळायचीस तसाच तो व्हॅलेंटाइन रणगाडा तुझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळला आणि निघालो.

सभागृहात आपल्या रणगाड्याला मधलं टेबल दिलं होतं. पांढरी चादर, बाजूला रजनीगंधा. आणि पुढे छापलेली पाटी. मोठ्या अक्षरात माझं नाव. त्याखाली, बारीक अक्षरात, तिरकं करून: 'दिवंगत पत्नी नीलिमा यांच्या प्रेरणेने.'

प्रेरणेने!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेरणेने गिअर बसतात का गं? प्रेरणेने साखळीपट्ट्याची एकेक कडी कानशीने घासली जाते? दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रणगाडा, सोळा पट लहान केलेला, आतून दोन मोटरींवर धावणारा, हा काय कोणी पलंगावर पडून प्रेरणा देत बनवला? चार वर्षं तू त्या टेबलाशी वाकून होतीस. प्लॅस्टिकचे पत्रे करवतीने कापलेस. डावीकडचा पट्टा उजव्यापेक्षा मागे पडतो म्हणून अख्खी गिअरपेटी तीनदा सोडवलीस. मला दोन्ही पट्टे सारखेच दिसायचे. तू तो सांगाडा उचलून कानाला लावायचीस, डोळे मिटायचीस आणि म्हणायचीस, "अहो, दुसऱ्या चाकाचा एक दात खातोय बघा." मी काय बघणार? मला फक्त घुर्रर्र ऐकू यायचं. तुझा तो कान इचलकरंजीचा. तुझे वडील मागावर जॉबर होते, बिघडलेले माग लावून देणारे, शंभर माग एकदम खडखडत असताना कोणता बिघडलाय हे ते दारातून सांगायचे, असं तू सांगायचीस. मला वाटायचं मुलगी बापाची बढाई मारते आहे.

आणि मी काय केलं, तेही एकदा होऊन जाऊ दे. मी सँडपेपरचे तुकडे कापून दिले. तुझा चष्मा शोधून दिला, बहुतेक वेळा तो तुझ्या डोक्यावरच असे. आणि मोहरीची अक्कल माझी. व्हॅलेंटाइनच्या अंगावर रिवेटांच्या रांगाच रांगा असतात, त्यांची एवढीशी गोल डोकी कशाची करायची यावर तू आठवडाभर डोकं खाजवत होतीस. मी स्वयंपाकघरातून मोहरी आणून दिली आणि स्वतःवरच खूश झालो. एकाच मापाची, गोल, फुकटची. तुझा चेहरा तेव्हाच सांगत होता, पण तू माझं मन मोडलं नाहीस. चिमट्याने एकेक दाणा चिकटवलास. मग कलकत्त्याचा पावसाळा आला, हवा ओलीगच्च झाली, आणि आठ दिवसांत मोहरी फुगून त्या रणगाड्याला कांजिण्या आल्या. दोन दाण्यांना तर मोडही फुटले. मी घरी आलो तर तू खुर्चीत वाकून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, तुमच्या रणगाड्याला पालवी फुटली!" दुसऱ्या दिवसापासून निमूटपणे सगळे दाणे खरवडून काढलेस आणि त्या जागी बारीक भोकं पाडून टाचण्यांची डोकी बसवलीस. किती टाचण्या लागल्या कोण जाणे. नवऱ्याची चूक दुरुस्त केली असं तू कुणाला कधी बोलली नाहीस.

हेच तर. तू बोलली नाहीस. 'तुमच्या रणगाड्याला.' ऐकलंस का तू काय म्हणालीस ते?

आपल्याकडे सगळंच 'यांचं' असतं, ते मला कळतं. यांचा चहा, यांचा डबा, यांचं घर, यांचे पाहुणे. मराठी माणसाला त्यातली मेख समजते. 'यांचा चहा व्हायचाय' म्हणजे चहा हे करणार असं कोणी समजत नाही. पण पहिल्या वर्षी, रणगाडा अजून अर्धाच होता तेव्हा, प्रदर्शनात शोमेनबाबूंनी तुला विचारलं, "ये किसका है?" आणि तू सवयीने माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "इनका है." त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं. संपलं! त्या एका शब्दाने चार वर्षांचं काम माझ्या नावावर चढलं. त्या दिवशी रिमोट तुझ्याच हातात होता, रणगाडा तूच चालवत होतीस, उतारावरून वर, वळवून पुन्हा खाली, तोफेचा घुमट फिरवत. आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "वाह, बौदी भी चला लेती हैं!" भी म्हणे!

तेव्हा मी काय केलं? मान डोलावली. हसलो. कोणी गिअरांबद्दल विचारलं तर "बस, हो जाता है" असं काहीतरी बोललो. आणि नीलिमा, मला ते आवडलं. हे तुला कधी सांगितलं नाही. साऱ्या नोकरीत मी दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारले, माझ्या हातचं असं काही जगात उभं नव्हतं. लोक गोळा होऊन विचारतायत, दाद देतायत, तर क्षणभर वाटलं, असू दे. मग तो क्षण पुढची सगळी वर्षं चालला.

एकदाच विचारलं होतं मी तुला. आपण हावड्याला निघालो होतो, लाँचने पलीकडे आणि तिथून गाडीने, निमाईकडे पितळी चाकं कातून घ्यायला. लाँचवर तू पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, "अगं, लोकांना सांगत का नाहीस तू केलाय म्हणून?" तू पाण्याकडे बघत म्हणालीस, "माझा म्हटलं की लोक प्रश्न विचारत बसतात. कोणी शिकवलं, कशाला करता, घरचं कोण बघतं. तुमचा म्हटलं की मला काम करू देतात." एवढं बोलून तू पिशवीतून चुरमुऱ्यांचा पुडा काढलास. मला तिथेच काहीतरी बोलायला हवं होतं. मी चुरमुरे खाल्ले.

निमाईला मात्र सगळं ठाऊक होतं. हावड्याच्या त्या बोळातल्या लेथवर तू स्टुलावर बसून त्याला चाकाचे दात समजावायचीस, तुझं हिंदी आणि त्याचं बंगाली, मध्ये खडूने जमिनीवर काढलेलं चित्र. मी दारात उभा राहून छत्री सांभाळायचो. तुझ्या अकराव्याला तो आला होता. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, तू सांगितलेल्या पट्ट्याच्या सुट्या पिना घेऊन आला आणि भरल्या घरात दारातूनच म्हणाला, "बौदी कोथाय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. तो पुडा मांडीवर घेऊन दारातच बसला. आलेल्यांपैकी कोणी मला सावरा म्हणालं, कोणी देवाची इच्छा म्हणालं. निमाईने टेबलावरच्या रणगाड्याकडे बघून विचारलं, "एटा एखोन के शेष कोरबे, दादा?" हा आता पुरा कोण करणार? संबंध घरात कामाचा प्रश्न विचारणारा तो एकटाच.

तर रविवार. पाटी वाचून मी शोमेनबाबूंकडे गेलो आणि म्हटलं, हे चुकलंय. त्यांनी माझा हात धरला. "दादा, समझता हूँ." काय समजता, कप्पाळ! तेवढ्यात माइकवरून जाहीर झालं की आता दादा स्वतः रणगाडा चालवून दाखवतील. टाळ्या. केतकीने रिमोट माझ्या हातात दिला.

मी तो रिमोट चार वर्षांत एकदाही हातात धरला नव्हता. तरी बघून बघून माहीत होतं की एका दांडीने रणगाडा पळतो, दुसरीने घुमट फिरतो. मंडळातले सगळे उजव्या दांडीने पळवतात. मी उजवी दांडी पुढे ढकलली. रणगाडा जागचा हलला नाही, तोफ मात्र गर्रकन फिरली आणि थेट प्रमुख पाहुण्यांच्या पोटावर रोखली गेली. मी घाबरून दुसरी दांडी दाबली, तर तो सुसाट निघाला, रजनीगंधा आडवी केली आणि टेबलाच्या काठावरून खाली पडता पडता केतकीने झडप घालून पकडला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू डावखुरी. तू आतल्या तारा उलट्या जोडून घेतल्या होत्यास, तुझ्या डाव्या हाताला सोयीच्या. माझ्या आईने तुला प्रसाद वाढताना किती वेळा टोकलं होतं, "तो नव्हे, उजवा हात." तू निमूटपणे हात बदलायचीस. या एका यंत्रात तू हात बदलला नव्हतास.

पुरावा आणखी कसला हवा? मी तिथेच ओरडलो, "ये टँक मेरा नहीं है! मुझे चलाना भी नहीं आता! ये उसने बनाया है!" मला वाटलं, झालं, सुटलो. आणि शोमेनबाबू डोळे पुसत माइकवर म्हणाले, "देखिए, दादा बौदी को कितना चाहते हैं."

टाळ्या वाजल्या, नीलिमा! पहिल्यापेक्षा जोरात! मी खरं बोललो तर तेही माझ्याच पदरात पडलं, वर प्रेमळ नवरा म्हणून. तुझ्या चार वर्षांच्या कामाची किंमत माझ्या एका हुंदक्याएवढी. आणि हुंदका नव्हता तो, संताप होता. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायला हव्या होत्या, आणि झोंबत होत्या माझ्या.

परत येताना टॅक्सीत मी केतकीवर घसरलो. पाटीवरचं वाक्य तिने लिहून दिलं होतं, हे मला तिथेच कळलं होतं. "तुला दिसत नव्हतं घरात कोण काम करत होतं ते? प्रेरणा काय, प्रेरणा?" ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "पण बाबा, आई स्वतःच बोलायची ना. मी फोन केला की बोलायची, यांचा रणगाडा अर्धा झाला, यांचा रणगाडा पेंट झाला. मला वाटला तुम्ही करता आणि आई हेल्प करते. तुम्ही पण कधी नाही बोलला नाही." 'नाही बोलला नाही' हे व्याकरणात बसत नाही, पण माझ्यावर बरोबर बसलं.

घरी आल्यावर रणगाडा टेबलावर ठेवला, दिव्याखाली. मला आता तुझ्यावर रागवायलाही नीट जमेना. शेवटचे सहा महिने तू त्याला मळवत होतीस. कोराकरकरीत हिरवा रंग देऊन झाला तेव्हा मी म्हटलं होतं, पुरे, किती छान दिसतोय. तू म्हणालीस, "लग्नातल्या नवरदेवासारखा दिसतोय. लढून आलेला वाटायला हवा." मग घाटावरचा गाळ आणून उन्हात वाळवलास, आणि तो चाळायला घेतलीस माझ्या चहाची गाळणी. माझा चहा आठवडाभर हुगळीचा लागत होता. तो गाळ फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून पट्ट्यांवर चढवलास, कडांचा रंग कोरड्या कुंचल्याने उडवलास, तेलाचे ओघळ काढलेस. असे काही रणगाडे याच मुलखातून ब्रह्मदेशाकडे गेले असं तू वाचलं होतंस, म्हणून चिखलही इथलाच हवा. रणगाडा रोज थोडा जुना होत गेला. मी कुरकुर करायचो की केलेलं काम मातीत घालते आहेस. आज बघितलं तर तो खरंच कुठून तरी परत आलेला वाटतो.

फक्त घुमटाच्या डाव्या अंगाला तू एक कागदी चिकटपट्टी लावून ठेवली होतीस. ती अजून तशीच आहे. आपलं शेवटचं भांडण त्या पट्टीवरून. त्या काळचे सैनिक आपल्या रणगाड्याला नाव द्यायचे, ते घुमटावर रंगवायचे, आणि तुला नाव दिल्याशिवाय काम पुरं झालं असं वाटत नव्हतं. मी सुचवलं, 'भवानी'. तू नाक मुरडलंस. मी म्हटलं 'रणरागिणी'. तू म्हणालीस, नाटक कंपनीचं वाटतं. मग मी फार उदार होऊन म्हटलं, "मग 'नीलिमा' लिही. मला चालेल."

तू कुंचला खाली ठेवलास. "ते नाव तुम्ही ठेवलंय," म्हणालीस. "याचं मी ठेवीन."

मला केवढं लागलं ते! दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी. उपकार केल्यासारखं तुझं नाव तुलाच देत होतो, हे तेव्हा टाळक्यात शिरलं नाही. लग्नात ताटभर तांदळांत अंगठीने मीच ते लिहिलं होतं. तुझं माहेरचं नाव आमच्या घरात जुनाट वाटलं म्हणून. मला कोणी विचारलं, कोणतं ठेवायचं? मी मासिकात वाचलेलं एक नाव सांगितलं. तुला कोणी विचारलंच नाही. तू समोर बसून ते तांदळातलं नाव वाचलंस आणि मान खाली घातलीस, सगळे म्हणाले, लाजली. तुझे वडील मात्र शेवटपर्यंत पत्रात जुन्याच नावाने लिहायचे. ते पत्र आलं की तू ते मागच्या दारात उभी राहून वाचायचीस.

तिसऱ्या दिवशी मी अबोला सोडला. चौथ्या दिवशी दुपारी तू कुकर लावून आलीस, खुर्चीत बसलीस, आणि उठलीच नाहीस. नाव काय ठरवलं होतंस ते विचारायचं राहिलं.

काल सकाळी मी ती पट्टी काढली. हळू, तू काढायचीस तशी, एका कोपऱ्यातून. खाली तेवढाच चौकोन कोरा हिरवा निघाला, ना चिखल, ना ओघळ. तुझा सगळ्यात बारीक कुंचला घेतला, पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. उजवं मनगट डाव्या हाताने धरून लिहायला बसलो. जोडाक्षर पहिलंच, तेच चुकलं, 'द'च्या पोटात 'व' मावेना. पुसून पुन्हा काढलं. शिरोरेघ तिरकी झाली आहे. ब्रिटिश रणगाड्यावर देवनागरी कुठून, असं मंडळातले जाणकार म्हणतील. म्हणू देत. मला पक्कं माहीत नाही की हेच नाव तुझ्या मनात होतं. तुझ्याकडून काढून घेतलेलं एवढं एकच मला परत करता येण्यासारखं होतं, म्हणून केलं.

मी रंगावर फुंकर घालत होतो तेव्हा केतकी चहा घेऊन आली. वाकून तिने एकेक अक्षर लावत वाचलं, मराठी वाचायला तिला अजून वेळ लागतो.

"द्वा-र-का," म्हणाली. "द्वारका कोण, बाबा?"

"तुझी आई."

"आईचा नाव तर नीलिमा."

"ते नाव यांचं," मी माझ्याच छातीवर बोट ठेवलं, मग ते ओल्या अक्षरांकडे वळवलं. "रणगाडा हिचा."